रूमेन्का नावाची गाय

प्रिय इम्ब्रो,

‘प्रिय’ सवयीनं लिहिलं गेलं, त्याचा फार अर्थ लावू नकोस. तुझी दुब्राव्का परवा येऊन गेली. काचेवरचं चित्र घोंगडीत गुंडाळून झाग्रेबहून मांडीवर धरून आणलं पोरीनं. गुणाची आहे, आईवर गेलीय. मी तिला मक्याचा घाटा आणि तिखट घातलेलं वाळकं चीज वाढलं. खाता खाता म्हणाली, बाबांना आता समोरचं थाळीएवढंच दिसतं, कडेचं सगळं काळं. डॉक्टर म्हणतात, उन्हाळ्यापर्यंत तेही जाईल. चित्रातलं आकाश तेवढं राहिलंय, ते यालझा आत्यानं भरावं, असा तुझा निरोप. तुला स्वतःला फोन करायला काय झालं होतं, हे मी तिला विचारलं नाही. तिचा काय दोष?

आकाश म्हटलं की बरी माझी आठवण होते तुला. तुझ्या पहिल्या वीसेक चित्रांची आकाशं माझीच. काचेवरचं काम सगळं मागच्या बाजूनं आणि उलट्या क्रमानं. जे सर्वांत पुढे दिसायचं ते आधी. आधी डोळे, मग त्यावर चेहऱ्याचा रंग, मग मागचं झाड, आणि अगदी शेवटी आकाश. तिथपर्यंत तुला धीर निघायचा नाही. मग मी गोठ्यातलं आटपून हात धुवायचे आणि तुझं आभाळ भरायला बसायचे. शहरातले लोक म्हणायचे, इम्ब्रोचं आकाश बघावं. तू मान डोलवायचास. त्याचं मला काही वाटलं नव्हतं, हे खरं सांगते. तेव्हा तरी नाही.

तू चित्रांत जुनी शेती जपलीस असं सगळे म्हणतात. जपलीस, नाही कशाला म्हणू? उशांसाठी हंसांची पिसं सोलायला बसलेल्या बायका, त्यात कोणी शिंकलं की खोलीभर उडालेली पिसं, हे खरं आहे. डुक्कर मारायच्या दिवसाची धांदल खरी आहे. शेजारच्या मेंडलांच्या कोठाराचा तुटका दरवाजासुद्धा खरा. पण नांगरणी? तीसेक वेळा तरी काढली असशील, आणि दर वेळी दोन गायी. शारा आणि रूमेन्का. मागच्या वर्षी तर पेपरात सांगितलंस की रूमेन्का फार गरीब गाय होती, कधी कोणाला लाथ मारली नाही. मी भोपळ्याच्या बिया निवडत होते. सगळी परडी उपडी झाली, आणि गोळा करायलाही उठले नाही.

आपल्याकडे दुसरी गाय कधीच नव्हती, इम्ब्रो. त्या हिवाळ्यात घोडा पोट फुगून मेला आणि नांगराला एकटी शारा उरली. बाबा म्हणाले, पोरीला जुंपू. वर हसले, “हिला चाराही कमी लागतो.” आई चुलीकडे तोंड करून उभी राहिली. मी बारा वर्षांची, तू पंधराचा आणि माझ्या दुप्पट अंगाचा. पण नांगराची मूठ पुरुषानं धरायची, बाबांचा गुडघा गेलेला, तेव्हा ती तू धरलीस. माझ्या खांद्यावर बाबांच्या जुन्या कोटाची घडी ठेवून वरून दोर टाकला. चार दिवस चाललं ते. दुसऱ्या दिवशी गावातली पोरं कुंपणाशी येऊन उभी राहिली. तुला लाज वाटली. मागे वळून न बघता मला कळलं, कारण नांगर एकदम डुगडुगला. आणि ती लाज झाकायला तू त्यांना ऐकू जाईल असं ओरडलास, “चल गं रूमेन्का, ओढ!”

हसली सगळी. गावातल्या निम्म्या गाईंचं नाव ते. ते नाव मग गावानं सोडलं नाही. माझ्या लग्नात कोणीतरी दाराला गाईची घंटा बांधली होती. तू खो खो हसलास. मीही हसले, नव्या नवरीनं दुसरं काय करायचं? तो दोर मला तेवढा लागला नाही जेवढं ते नाव लागलं. आणि तू त्याच नावाला शिंगं लावून, गुबगुबीत करून जगभर विकलंस.

काल घोंगडी उलगडली. शारा आहे. शेजारी दुसरी गाय नाही, मुलगी आहे. खांद्यावर कोटाची घडी, तिचं फाटकं अस्तरसुद्धा काढलंयस. म्हणजे तुला सगळं आठवत होतं. साठ वर्षं आठवत होतं आणि तू गाय काढत होतास. मला इतका राग आला की काच उचलून विहिरीत टाकणार होते. मग तोंडाकडे पाहिलं. तिला डोळे नाहीत. चेहऱ्याचा रंग तू आधीच लावून बसलास, आता वरून डोळे घालता येत नाहीत. असली चूक इथली पोरंसोरं पहिल्या आठवड्यात करतात, तू कधीच केली नव्हतीस. दुब्राव्का म्हणेल, नजरेमुळे झालं असेल. पण शाराचे डोळे आहेत, पापण्यांसकट. चार दिवस तू माझ्या मागून चाललास. माझं तोंड तुला दिसलंच नाही, आणि नंतर बघायची तुझी छाती झाली नाही.

आकाश मी भरणार नाही, हे कळवायला लिहितेय. ब्लेडनं त्या मुलीचा चेहरा खरवडून टाकलाय. आता तिथून माझ्या टेबलावरचं मेणकापड दिसतं. डोळे तूच घालायचे. दुब्राव्काला गाडी काढायला सांग, आणि ब्रश तुझे आण, माझे झडलेत. थाळीएवढं दिसतं ना अजून? माझं तोंड मावेल त्यात. समोर बसायचं, नीट बघायचं आणि मग काढायचं. दिसायचं थांबल्यावर आलास तर दार उघडणार नाही.

तुझीच,
यालझा

आलास की दारातून वर सही केलेल्या नावानंच हाक मार.