म्हाताऱ्याला मारायचं राहून गेलं

कुरुळी, मंगळवार

तीर्थस्वरूप आत्याबाईंना तुमच्या विजूचा वाकून नमस्कार.

सुरुवातीलाच एक प्रश्न लिहिते, कारण त्याचं उत्तर मला येत नाही आणि तीन वर्षांच्या कॉलेजात ते कुणी शिकवलंही नाही. एक बाहुली आहे. जिवंत आहे, चालते, बोलते. तिला शिवणारा म्हातारा धडधाकट आहे, स्वभावानं चांगला आहे आणि त्याचा तिच्यावर जीव आहे. तर ती बाहुली त्याचं घर सोडून जगात निघते कशी?

आता तुमचे गुडघे कसे आहेत ते विचारते. तेल संपलं असेल तर कळवा. इकडे तुमचा भाऊ आणि माझा, म्हणजे दादा आणि सुजित, शिवाय आई आणि मी, सगळे ठीक आहोत. फोन न करता पत्र लिहिते याचा राग मानू नका. तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता आणि (हे प्रेमानंच सांगते) औशातली निम्मी गल्ली माझ्याशी बोलायला लागते. या पत्रातला मजकूर गल्लीसाठी नाही.

माझी कॉलेजची मैत्रीण यास्मिन रहाटणीत राहते. तिच्या घरी दर रविवारी आम्ही चौघं एक खेळ खेळतो. (पत्ते नव्हेत. आईला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते.) एक काल्पनिक राज्य असतं, त्यात राक्षस, मंतरलेले किल्ले, खोल दऱ्या. प्रत्येकानं एका पात्राचं सोंग घ्यायचं, यास्मिन गोष्ट पुढे नेते आणि फासे टाकून ठरतं की तुम्ही दरी ओलांडली की दरीत पडलात. या वेळी सगळ्यांनी जिवंत बाहुल्या व्हायचं ठरलं. खेळ सुरू होण्याआधी आपापल्या बाहुलीचं पूर्वायुष्य रचून आणायचं: तिला कुणी बनवलं, जीव कसा आला, घर का सोडलं. यास्मिनचा भाऊ नदीम वडिलांच्या गॅरेजात काम करतो, मनानं फार मऊ. त्याची बाहुली पत्र्याची आणि तिला बनवणारा कारखान्याच्या आगीत जळून गेला. आमच्यातली चौथी योगिनी, तिची बाहुली चिनी मातीची. तिला बनवणारी चेटकीण कड्यावरून पडली, म्हणजे योगिनीनंच ढकलली. माझी कापडाची. आई घरी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते ना, त्यातल्या उरलेल्या तुकड्यांची, पोटात फोम. ती दूरच्या डोंगरातल्या निरक्षर बाहुल्यांना वाचायला शिकवायला निघाली आहे, असं मी मोठ्या अभिमानानं वाचून दाखवलं. 

"आणि तो म्हातारा?" नदीमनं विचारलं.

"घरी आहे."

"जिवंत?"

"हो. चहा पितोय."

"मग ही निघालीच कशी? घरातलं जिवंत माणूस असं जाऊ देतं का कधी? मारून टाक त्याला, विजू. एका ओळीचं काम आहे."

यास्मिनलाही ते पटलं. पुढच्या रविवारपर्यंत म्हाताऱ्याचं काहीतरी करून आण, नाहीतर खेळ अडतो, असं तिनं बजावलं.

आत्याबाई, मी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. त्याला तापानं मारायला घेतलं, तर पुढच्याच ओळीत तो उठून बसला आणि बामची बाटली कुठे ठेवली म्हणून विचारू लागला. पुरात सोडला, तर चपला हातात धरून काठाला आला. घरावर दरड पाडली, तर त्या दिवशी तो नेमका पहिल्या पाळीला गेलेला. बाम, चपला आणि पहिली पाळी यांवरून हा म्हातारा कोण हे तुम्ही ओळखलंच असेल. हे दादाच आहेत, हे मला मात्र ओळखायला दोन दिवस लागले. आणि घर सोडायचा प्रश्न बाहुलीचा नव्हता, हेही तुम्हाला ठाऊक आहे. नंदुरबारकडच्या डोंगरातल्या निवासी शाळेत दोन वर्षं शिकवायला माझी निवड झाल्याचं मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं. दादांना सांगायला तोंड उघडलं की माझ्या तोंडून आमटीत मीठ कमी आहे असलं काहीतरी यायचं. आपल्या घरातली पहिली ग्रॅज्युएट पोरगी चाकणच्या कंपनीत एसीत बसते, हे दादा रिक्षावाल्यालासुद्धा सांगतात. त्या एसीतून उठून मी डोंगरात निघाले हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं?

शेवटी गेल्या मंगळवारी संध्याकाळी नळापाशी उभी राहून मी यास्मिनला फोन केला. म्हातारा काही केल्या जीव सोडत नाही, पण रविवारच्या आत संपवते, आता चहातून विष घालून बघते, असं अगदी खात्रीनं सांगितलं. वरच्या पायरीवर आमचे घरमालक भिमाजीआप्पा बसले होते. आमच्या खोल्यांच्या रांगेत म्हातारं माणूस तेवढं एकच.

दुसऱ्या दिवशी पाणी सकाळी आलं आणि संध्याकाळीही आलं. दोन वेळा पाणी सोडा म्हणून अख्खी रांग दोन वर्षं आप्पांच्या मागे लागली होती. आई म्हणाली, देवानं ऐकलं. त्याच दिवशी आप्पांनी आईचा चहा परत पाठवला, आणि आप्पा आमच्याकडचा चहा परत पाठवतात ही तर त्याहून नवलाची गोष्ट. गुरुवारी दादांना सुट्टी असते. मी कंपनीतून येते तर आप्पा अंगणात दादांसमोर उभे, आणि उभे म्हणजे दारापासून चार हात लांब.

"ज्योतीराम, पोरगी शिकल्याली हाय, तिला कायदा ठावं आसंल. पर माजं काय चुकलं त्ये तरी सांगा. पानी तर आता दोन येळा सोडतुया."

दादांनी माझ्याकडे बघितलं. आईचं मशीन थांबलं. शेजारच्या रहिमाबी नीट ऐकू यावं म्हणून चटई घेऊनच बाहेर आल्या. मग मला भर अंगणात तो सगळा खेळ समजावून सांगावा लागला, राक्षसांपासून फाशांपर्यंत.

"म्हंजी म्हातारा कापडाचा?" आप्पा म्हणाले.

"नाही आप्पा, बाहुली कापडाची. म्हातारा मनातला."

"मनातला म्हंजी मी न्हाई?"

"तुम्ही नाही."

आप्पा ओट्यावर टेकले, टोपी काढून डोकं पुसलं आणि आईला म्हणाले, "सावित्रीबाई, चा टाका. दोन कप." दोन्ही त्यांनीच प्यायले.

आणि मग सगळ्या अंगणानं माझी बाहुली ताब्यात घेतली. आईनं विचारलं, तिकडे ती राहणार कुठे, दाराला आतून कडी आहे का. सुजितला नोकरी परमनंट की कॉन्ट्रॅक्टवर ते हवं होतं. रहिमाबी म्हणाल्या, "बेटी, आधी तिचं लग्न लाव, मग नवऱ्याला घेऊन जाऊ दे कुठं जायचं तिथं." आप्पांचा जीव वाचला होता, त्यामुळे ते आता पक्के म्हाताऱ्याच्या बाजूनं, त्यानं सरळ न्हाई म्हनावं, असा त्यांचा निकाल.  दादांनी एकच विचारलं.

"तिथं एसटी थेट जाती का?"

मी म्हटलं, दादा, ते काल्पनिक राज्य आहे, तिथे एसटी नाही.

"एसटी जात न्हाई आसं कुठं आसतंय का," म्हणाले आणि आत गेले.

शुक्रवारी ते कामावरून आले, हातपाय धुतले आणि माझ्याकडे न बघता टॉवेलशी बोलल्यासारखं म्हणाले, "त्या बाहुलीचं सांगतो. म्हातारा मरत न्हाई. कामून मरावं त्यानं? त्यो पिंपरीला वल्लभनगरच्या स्टँडवर येतो, तिची बॅग वर ठिवतो, खिडकीची जागा धरून देतो आन् गाडी हालेस्तोवर हुबा ऱ्हातो. धुळ्याला गाडी बदलावी लागती, तेवढं तिला सांग. आन् चादर जाड घ्यावी म्हणावं. तिकडं गारठा लई."

आत्याबाई, मी डोंगर म्हटलं होतं. धुळं म्हटलं नव्हतं. धुळ्याचं मी एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि तेही (आता आठवतं) स्पीकरवर. मला तुमचा फार राग यायला हवा होता. पण गेला महिनाभर छातीवर जे बसलं होतं ते असं अलगद उठून गेलं की रागाला जागा सापडेना. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं, मग पुन्हा एकदा धुतलं. पाणी होतंच.

रविवारी मी यास्मिनच्या टेबलावर जाहीर केलं की म्हातारा जिवंत आहे, स्टँडवर उभा आहे. खेळात त्याचा उपयोग काय, असं यास्मिननं विचारलं. मी सांगितलं, नव्या गावाला पोचल्यावर बाहुलीनं त्याला फोन करायचा. विसरली तर तिचा एक डाव जाईल. नदीम बराच वेळ फासे हातात घोळवत बसला. मग म्हणाला, त्याच्या बाहुलीच्या कारखान्याला मागचं दार होतं, ते लिहायचं राहिलं होतं. तिथून बनवणारा बाहेर पडला असेल तर चालेल का. यास्मिन म्हणाली, चालेल.

तर वरच्या प्रश्नाचं उत्तर मला अजूनही येत नाही. दादांना येतं, तेवढं पुरे. मामांना नमस्कार, लहानांना खाऊ माझ्याकडून तुम्हीच द्या.

तुमची,
विजयश्री

ता. क. बारसं झाल्याशिवाय बाहुलीला कुठे पाठवायचं नाही, असं आई म्हणते, आणि नाव ठेवायचा मान आत्याचा. एक चांगलंसं नाव शोधून ठेवा.

पुन्हा ता. क. खरं म्हणजे एवढ्यासाठीच पत्र लिहायला घेतलं. दादा स्टँडवर सोडायला येणार, हे ठरलं. पण गाडी हलल्यावर त्यांना घरी कोण आणणार, याचा विचार कुणीच केला नाही. आईलाच त्या दिवशी कुणीतरी आणावं लागेल आणि सुजितची पाळी आहे. तुम्ही या. येताना वाटेत त्यांच्याशी काहीही बोलत राहा. तुम्हाला ते जमतं.

शेवटचं ता. क. शाळेला होकार मी बाहुली शिवायच्या आधीच कळवला होता. हे मोठ्यानं वाचू नका. आणि तुमचं 'बघते, कळवते' मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून तुमचं लातूरहून पिंपरीचं तिकीट मी कालच काढलं. खिडकीची जागा आहे.