तळमजल्याच्या भिंती

सोमवार, ९ जून

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा बरा आहे. तुझं सोफ्यांचं शोरूम छान चाललंय, हेही तीच सांगते. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र.

सध्या सातवीला भूकंप शिकवतेय. ट्रेखाली गोट्या, ट्रेवर पुठ्ठ्याच्या इमारती, आणि ट्रे हलवायचा. पोरांना शिकण्यापेक्षा पाडण्यातच रस! चारही बाजूंनी भिंती असलेली इमारत डुलली, पण टिकली. मग दुसरीच्या तळमजल्याच्या भिंती मी कात्रीने कापल्या, नुसते काड्यांचे खांब ठेवले. ट्रे जेमतेम हलला आणि वरचे मजले जसेच्या तसे खाली बसले.

"बिल्डर पळाला!" मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं. सगळे खिदळले. पहिल्या बाकावरची एक मुलगी तेवढी हसली नाही. म्हणाली, "मॅडम, वरच्यांना उतरायला वेळच नाही मिळाला."

पुठ्ठा कापताना माझ्या डोळ्यांसमोर कोणतं घर होतं, हे तुला सांगायला नको.

शोरूमला मोकळी जागा हवी म्हणून तू आपल्या घराच्या खालच्या भिंती काढल्यास. त्यानंतर वर आईच्या स्वयंपाकघराचं दार लागेना. तू ते तासून घेतलंस. परत अडकलं, परत तासलंस. दादा, लाकूड फुगलेलं नाही. चौकट तिरकी झालीय. आणि हल्ली जमिनीच्या बारीक धक्क्यांनी मांडणीवरची भांडी वाजतात, गावभर सगळ्यांच्याच घरी.

काल ट्रे घेऊन आईकडे गेले. तिने मला तो परत परत हलवायला लावला. मग म्हणाली, "एवढी मास्तरीण झालीस, पण भावाचं तेवढं वाकडंच दिसतं तुला." माझ्याकडे राहायला चल म्हटलं, तर म्हणे, "तो म्हणालाय, काही होत नाही. मी बॅग भरून निघाले तर लोक त्यालाच बोलतील ना?" बाहेरच्या खोलीतल्या भेगेवर तिने आरसा टांगलाय. आल्यागेल्याला दिसू नये म्हणून. तुझ्यासाठी.

भिंतींचं आपण नंतर भांडू. आज फक्त जिना चढून वर जा आणि तिला "निघ" म्हण. तुझ्या शब्दावर ती तिथे बसलीय, तुझ्याच शब्दावर उठेल. माझं ती ऐकत नाही.

त्यानंतर जन्मभर माझं तोंड पाहू नकोस. चालेल.

तुझी,
धाकटी