सेफ्टीचा खाना

बाबा,

सकाळी न बोलता दुकानात गेलात आणि डबाही विसरलात. तो ओट्यावर आहे, जेवायला आलात की गरम करून घ्या. मी वाचनालयात चाललेय. घरचं इंटरनेट पुन्हा रुसलंय आणि अर्ज आजच पाठवायचेत.

फ्रिजवरची माझी अमेरिकेतल्या कॉलेजांची यादी पाहिली. तुम्ही लाल पेनाने सहा नावांवर काट मारलीत, "सेफ्टी" या खान्यातली दोनच ठेवलीत आणि शेजारी लिहिलंत, "एकट्या मुलीला हीच बरी." अहो बाबा, सेफ्टी म्हणजे तिथे चोऱ्या होत नाहीत असं नव्हे! माझ्या मार्कांवर जिथे प्रवेश हमखास मिळेल, त्या कॉलेजाला आमच्या अर्ज भरून घेणाऱ्या बाई सेफ्टी म्हणतात. तुम्ही ठेवलेल्यांपैकी एक तर अशा गल्लीत आहे, की तुम्ही दाराला तीन कुलपं लावाल.

जन्मभर कुलपं दुरुस्त केलीत, म्हणून तुम्हाला सगळं जग उघडं दिसतं. मला तुम्हीच कुलूप उघडायला शिकवलंत, हे विसरू नका. काट मारलेली सहाही नावं मी परत लिहिलीत. एकदोन ठिकाणांहून नकार येईल, तर येऊ दे. सगळीकडून येणार नाही, लिहून ठेवा.

सेफ्टीच्या खान्यात मात्र मी तिसरं नाव वाढवलंय. तो आपल्या घराचा पत्ता आहे. काहीही झालं तरी जिथे मला आत घेतील, अशी जागा तीच, असं मी धरून चाललेय.

तेवढ्यावर काट मारू नका.

ठकी