तिसरा टेक

१४ मार्च, शुक्रवार

तीर्थरूप बाबांना नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण समोर असताना कधी वाकलो नाही, मग कागदावर कशाला नाटक!

मी बरा आहे. खोलीत ऊन येतं, नळाला पाणी येतं. घरमालकीणबाई पंखा फार लावू नको म्हणतात आणि मी लावतो. तुमचा घसा कसा आहे? तुम्ही माझा फोन उचलत नाही म्हणून पत्र लिहितोय. पत्र फाडता येतं, पण आई फाडू देणार नाही.

त्या मंगळवारी स्टुडिओत तुम्ही आवाजाची टेस्ट देऊन गेलात, तेव्हा आमची आत थोडी चर्चा चालली होती. तुमच्या कानावर काही पडलं असेल तर मनाला लावून घेऊ नका. तशी ती काच जाड आहे.

चर्चा काय, तर परदेशी सिनेमातल्या तुमच्या त्या हेराचीच. आठ सिनेमे झाले, बावीस वर्षं तुम्ही त्याला आपल्या भाषेत बोलता करताय आणि गोष्ट तीच. आधी छपरांवरून पाठलाग, मग त्याच्या साहेबाची बोलणी. मग एक बाई, जी विश्वासू वाटते आणि नसते. मग दुसरी, जी वाटत नाही आणि असते. शेवटी बॉम्बच्या घड्याळात तीन सेकंद उरलेले असताना हा दार ढकलतो आणि विचारतो, "उशीर झाला का?" थिएटरात शिट्ट्या. आपल्या घरात तर रोज संध्याकाळी हाच शो. तुम्ही दारात तेच विचारायचं, आईने "झाला, जेवण गार झालं" म्हणायचं आणि मी कोपऱ्यातून शिट्टी मारायची.

ज्याची ही टेस्ट होती, त्या नवव्या सिनेमात त्याला खरंच उशीर होतो. तो दार उघडतो तेव्हा साहेब खुर्चीत मेलेला असतो. आणि हा तेच वाक्य म्हणतो, मेलेल्या माणसाला.

आमची संवादवाली (आई तिला याच नावाने ओळखते, आमच्याकडे ती संवाद आपल्या भाषेत उतरवते) गेले सहा महिने हेच म्हणत होती. साचा मोडला पाहिजे, नाहीतर लोक सवयीने येतील आणि सवयीने झोपतील. ती बोलते तेव्हा मी नुसता मान हलवतो. बाबा, आता लपवत नाही. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं तेव्हा "मला आवाजाचं काम शिकायचंय" असं तुम्हाला सांगितलं होतं. खोटं होतं. तुमचा डबा द्यायला स्टुडिओत आलो होतो, तेव्हा तिला पाहिलं, एवढंच कारण. आणि तुम्ही बिचारे माझ्यासाठी रेकॉर्डिस्टकाकांकडे शब्द टाकायला गेलात.

तर मंगळवार. त्याच वाक्याचे तुमचे दोन टेक झाले, नेहमीसारखे, शिट्टी मारावी असे. आमचे चष्मेवाले डायरेक्टर हळूच म्हणाले, "तेच ते." मग मला म्हणाले, "आणखी एक घ्यायला सांग." माझं कामच ते. बटण दाबायचं, त्याच्यावरचा लाल दिवा लागतो आणि आपला आवाज काचेपलीकडे हेडफोनमध्ये जातो. मी सांगितलं. तेवढ्यात ते म्हणाले, "तू तर जन्मापासून ऐकतोयस यांना. तुझं काय मत? नवा आवाज घ्यायचा का?"

मी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणालो, "बाबांकडे एकच वाक्य आहे, साहेब. घरी तेच, दारी तेच. चावीचं खेळणं आहे ते. आता मोडीत काढायला हवं."

वर मी लिहिलंय की काच जाड आहे. बाबा, माझा अंगठा बटणावरच होता. "चावीचं" म्हणताना मला दिवा लागलेला दिसला. मी थांबू शकलो असतो. पण थांबलो असतो तर सगळ्यांना कळलं असतं की तुम्ही ऐकताय. म्हणून मी वाक्य पुरं केलं, तुम्हाला ऐकू जातंय हे माहीत असताना. तुम्ही वर पाहिलं नाहीत. स्टँडवरचा कागद नीट केलात.

चष्मेवाले फोन घेऊन बाहेर गेले. तिनेही हेडफोन काढले आणि मला जिन्यात गाठलं. मला वाटलं, शाबासकी!

"मूर्खा," ती म्हणाली, "साचा मोडा म्हणजे आवाज बदला, असं मी कधी म्हटलं? बावीस वर्षं वेळेवर येणाऱ्या माणसाला उशीर झाला, तर पोटात खड्डा पडतो. नव्या माणसाला झाला, तर कोणाला काय त्याचं?"

मी जिन्यातल्या कचऱ्याच्या डब्याला लाथ मारली. अंगठा अजून सुजलेला आहे. पायाचा. हाताचा सुजायला हवा होता.

काल काकांनी हाक मारली. "भोंग्या, मंगळवारचे टेक पुसू का? दोनच आहेत ना?" तिसरा होता. मशीन चालू राहिलं होतं. मी ऐकला.

आधी कागदाचा आवाज. मग तुम्ही श्वास घेता. मग ते वाक्य, इतकं हळू की मशीनवरचा काटा जेमतेम हलला. विचारल्यासारखं नाहीच, उत्तर माहीत असलेल्या माणसासारखं. मग बराच वेळ काही नाही. मग हेडफोन खुंटीला लावल्याचा आवाज.

चष्मेवाल्यांना ऐकवला. ते उभेच राहिले. म्हणाले, "हाच हवा होता. हाच लावून टाकू." मी ओरडलो, सवयीने, की बाबांना विचारल्याशिवाय नाही लावायचा. "का?" म्हणाले. मग सगळ्यांसमोर का ते सांगितलं. दिव्याचंही सांगितलं. ती खाली मान घालून कागद चाळत राहिली.

तो टेक चांगला आला म्हणून मी सुटलो, असं मी समजत नाही. तो कशातून आला ते मला माहीत आहे. नको म्हणालात तर काका तो पुसतील, त्यांनी शब्द दिलाय. पण अख्खा सिनेमा तुम्हीच करावा असं चष्मेवाल्यांचं म्हणणं आहे. सोमवारी अकराला बोलावलंय. त्या दिवशी बटणावर मी नसेन. जिन्यात बसेन. तुम्हाला मला ओलांडून जाता येईल इतकी जागा ठेवीन.

आईने सांगितलं की मंगळवारपासून तुम्ही घरात येता, चपला काढता आणि काही न विचारता बसता. म्हणजे तिचंही उत्तर मीच बंद केलं.

शेवटी काय विचारायचं ते माझ्या ओठांवर आहे. पण ते वाक्य तुमचं आहे. एकदा हिसकावलं, आता हात लावणार नाही.

ज्याला हळू बोलता आलं नाही म्हणून तुम्ही हे नाव ठेवलंत, आणि जो हे सगळं हळू लिहायचा प्रयत्न करतोय, तो तुमचा

भोंग्या