देवाचा एक सेंटिमीटर

१७ नोव्हें., सोम.
शाळेत बोलावलेलं. हाफ डे टाकला. ओवीच्या टीचर आवाज चढवत नाहीत, त्यामुळे मला जास्तच धडकी भरते. तिसरीचं गणित, मोजमापाचा धडा. पेन्सिल, डस्टर, बाटली, बाक. मोजून सेंमी.मध्ये लिहायचं. ओवीचं एकही उत्तर बरोबर नाही. "मॅडम, तशीही ती आकड्यांत मागे आहे. एकदा दाखवून घ्या. वर्तकनगरला समुपदेशक आहेत, टेस्ट करतात. लवकर कळलेलं बरं." २९ची वेळ घेतली, शनिवार.
मंदारला सांगितलं. नवऱ्याचं नेहमीचं, "मोठी होईल तशी येईल." आणि लगेच टीव्ही. मी कणीक मळताना रडले. पाणी जास्त पडलं, पोळ्या फाटल्या.

१८ नोव्हें., मंगळ.
ऑफिसात लक्ष नाही. मोबाइलवर लक्षणं वाचत बसले. वाचावं ते सगळं ओवीलाच लागू. बूट उलटे घालते. काट्यांचं घड्याळ कळत नाही. उलटे बूट तर मंदारही... जाऊ दे.
आईला सांगितलेलं नाही. ती कळव्यात आमच्याच बिल्डिंगमध्ये, खालच्या मजल्यावर. मी ठाण्याहून येईपर्यंत ओवी तिच्याकडेच असते. आई ब्लाउज शिवते. बायकांची मापं घेते तेव्हा पोरगी आकडे लिहून देते. आईला कळलं तर आधी मलाच फैलावर घेईल.

२२ नोव्हें., शनि.
काय लिहू!
सकाळी मीच शिकवायला बसले. नवी कोरी पट्टी. म्हटलं, कंपासपेटी मोज. शून्य अगदी कडेला लावलं, डोळा जवळ नेला, सगळं नीट. मला अठरा दिसत होते. ती म्हणाली, "सतरा." चमचा सोळा, म्हणे पंधरा. रिमोटलाही तेच. माझा पारा चढला.
"अगं, अठरा दिसतायत ना? मग सतरा कुठून काढलेस?"
ओठ बाहेर आला. "एक सोडला ना."
"का?"
"तो देवाचा असतो."
"कोणी सांगितलं?"
"आजीने."
गॅस बंद करून तशीच खाली. ओवी मागोमाग. आईसमोर कोपरीची एक बाई माप द्यायला उभी. आई टेप धरून म्हणते, "सदतीस. एक देवाचा. आलीस का ओवी? छत्तीस लिही गं." मी टेप ओढूनच घेतला. टोकाचा पहिला इंच गायब. कापलेला. टेप एकापासूनच सुरू.
"फाटलं होतं, कापलं," आई म्हणाली. "एक वजा केला की झालं. एवढी काय ओरडतेस? पोरीने विचारलं का सोडायचा, मी म्हटलं देवाचा. मशीनवर बसून पुराण सांगू का तिला?"
कोपरीची बाई हसायला लागली. मला आधी संताप आला, मग हसू, मग तिथेच स्टुलावर बसून रडले. केवढं हायसं वाटलं! आईला सगळं सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पडला. ओवीला जवळ घेऊन बसली, बराच वेळ मशीन बंद.
आणि आत्ता लिहिताना लक्षात येतंय. पोर प्रत्येक वस्तू बरोबर मोजत होती आणि वर मनातल्या मनात एक वजाबाकी करत होती. तीही बरोबर.

२४ नोव्हें., सोम.
टीचरना सांगितलं. तोंडावर हात धरून हसल्या. माझ्यासमोर पुन्हा मोजायला लावलं. वही, डबा, वर्गाचं दार. सगळं बरोबर, दाराचे मीटर वेगळे, सेंमी. वेगळे. स्टेशनपर्यंत जवळजवळ नाचत गेले.
जाता जाता टीचर म्हणाल्या, "पण हातचे घेताना अडखळते अजून. घड्याळही आहेच. वेळ घेतलीय तर..."
आईला नवा टेप आणला. हातही लावत नाही. म्हणे सवयीने यातही एक सोडेन आणि बायकांना श्वास घेता येणार नाही.

२६ नोव्हें., बुध.
मंदार म्हणतो रद्द कर. मलाही वाटतं करावं. किती दिवसांनी नीट झोपले. फोन हातात घेते, परत ठेवते.
जेवताना ओवीला विचारलं, शनिवारी वर्तकनगरला एका ताईंकडे जाऊया?
"तिथे काय मोजायचंय?"
"तुला काही नाही मोजायचं. त्या तुझ्याशी बोलतील, बघतील."
"म्हणजे मला मोजणार?"
ती हात न धुताच उठली, भिंतीला टाचा लावल्या, पाठ लावली, डोकं लावलं. हनुवटी वर.
"अशी उभी राहिले तर चालेल?"
चालेल म्हटलं. फोन अजून केलेला नाही.