रोझालीच्या बाळासाठी केलेला फोन

३ मार्च
मूल व्हावं म्हणून लेक्सिंग्टनच्या ज्या डॉक्टरांकडे उपचार घेते, त्यांचा फोन. याही वेळी गर्भ राहिला नाही. तिसऱ्यांदा! नवरा, डेल, खाणीवर कामाला. फोनवर म्हणतो, "असू दे गं." असू दे काय असू दे!
ड्युटीवर बाळंतिणींच्या वॉर्डात पोचते तर रोझाली कळा सोसत बसलेली. चोवीस वर्षांची, तिसरं बाळंतपण. "माझं काय हो सिस्टर, नवऱ्याने नुसतं बघितलं तरी दिवस जातात!" वर खिदळते. नुसता जळफळाट झाला माझा. आपणहून म्हणाली — आधी नशा करायची, दोन वर्षं झाली सोडून. अशा बाईचा लघवीचा नमुना आल्या आल्या घ्यायचा असतो. तिचं हसणं बघवेना. म्हटलं, घेऊ नंतर.
डॉक्टरांनी पाठीत कळा बधिर करायचं इंजेक्शन दिलं, बाईसाहेब खूश. मग घेतला नमुना.

४ मार्च
मुलगी. डोकंभर काळं जावळ. मेलीला सगळं कसं आयतं मिळतं!

५ मार्च
नमुन्यात फेंटानिल, नशेबाज घेतात ते!
नियम साधा: बाळाच्या अंगात नशा गेल्याचा संशय आला, की सरकारच्या बालसंरक्षण खात्याला कळवायचं. ग्लेंडा, आमची मोठी सिस्टर, म्हणाली, "लोरेटा, थांब जरा. तिचा केसपेपर नीट बघू, मग कळवू."
थांबते कशाला! फोन लावला. नाव, पत्ता, मागची नशा, सगळं सांगितलं. इथे खोटं कशाला लिहू — छान वाटलं.

६ मार्च
बालसंरक्षणाची बाई आली. चौकशी होईपर्यंत बाळ सांभाळायला दुसऱ्या घरी. टोपडं मीच बांधलं.
रोझाली ओरडली नाही. माझा हात धरला. "सिस्टर, काही नाही घेतलं हो मी. तुम्ही होतात ना जवळ? सांगा ना त्यांना!"
मी चादर बदलत राहिले.
ज्यांच्याकडे बाळ गेलं त्यांना मूलबाळ नाही म्हणे. म्हणजे त्या बाईलाही मिळालं. मला नाहीच!

७ मार्च
जेवण गेलं नाही.

९ मार्च
ग्लेंडाने केसपेपर पुढ्यात ठेवला. पाठीतल्या इंजेक्शनात फेंटानिल असतंच. इंजेक्शन दोन दहाला, नमुना चार वाजता. दोन्ही नोंदींपुढे सही माझी.
"घाईत लक्षात नाही आलं ना गं तुझ्या?" ग्लेंडा म्हणाली. "होतं असं."
मी "हो" म्हटलं.
लक्षात होतं.