खिंडीपलीकडचा मित्र

१२ जून १९६३, मिलम

पोचले एकदाची! मुनस्यारीहून चालून चालून पाय सुजलेत, पण मन कसं हलकं आहे. लहानपणी दर उन्हाळ्यात आमचं बिऱ्हाड इथं यायचं; आता मी शाळेची मास्तरीण होऊन आलेय. यंदा फक्त चार घरं वर आलीत. गावच्या आजोबांनी, जसमल बुबूंनी, मला त्यांच्या माडीवरची खोली दिली. खाली एके काळी लोकर आणि मीठ आढ्यापर्यंत रचलेलं असायचं, आता बटाट्याचं बियाणं आहे. त्यांच्या बायकोनं, रूपसा आमानं, मिठाचा चहा आणि सातू पुढे केला. बुबू म्हणाले, "शाळेत पोरं सहा! त्याहून माझ्या मेंढ्या जास्त. त्यांचीही नावं घाल हजेरीत."

१५ जून

सकाळी आमाबरोबर शेतात फाफराचं धान्य पेरायला गेले. चहाच्या वेळी बुबू सरहद्दीपलीकडच्या ज्ञानिमा बाजाराच्या गोष्टी सांगत बसले. तिकडचा त्यांचा मित्र डोंडुप. दोघांच्या पणजोबांनी एक दगड फोडून अर्धा-अर्धा वाटून घेतला होता. तेव्हापासून एकाचं दार दुसऱ्याला सदा उघडं. गेल्या वर्षी लढाई झाली, खिंड बंद झाली, व्यापार बुडाला. डोंडुपचं पुढे काय झालं, असं मी सहज विचारलं. आमा हातातलं काम टाकून उठून गेली.

१९ जून

दुपारी हिमनदीकडून धुकं उतरलं आणि उंटाधुऱ्याच्या खिंडीकडल्या वाटेवर घंटा वाजू लागल्या. ओझं लादलेल्या मेंढ्या चालतात तशा, संथ. "तांडा आला!" म्हणत पोरं पळत सुटली. वाटेवर काहीच नव्हतं. चौकीवरचा शिपाई म्हणाला की वर अजून कंबरभर बर्फ आहे, चिटपाखरूसुद्धा उतरलेलं नाही. घरी आले तर बुबूंनी भरदुपारी दाराला अडसर लावलेला. वारा फार सुटलाय म्हणाले.

वारा नव्हता. धूर सरळ वर जात होता.

२२ जून

रोज घंटा. रोज थोड्या जवळ.

आज शेतात आमा बोलली. गेल्या कार्तिकात गाव खाली उतरलं, ही दोघंच मागे राहिली होती. पलीकडच्याला घरात घेईल तो फितूर, अशी तेव्हा हवा होती. बर्फ पडत असताना डोंडुप आला, बायको आणि तान्ही पोर घेऊन. उंबऱ्यावर आपला अर्धा दगड ठेवून हाका मारत राहिला. आमा दार उघडायला उठली, तर बुबूंनी तिचं तोंड दाबून धरलं.

"आधी त्याचा आवाज थांबला, मग बाईचा," आमा म्हणाली. "पोर मात्र बराच वेळ रडत होती गं."

दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर बाहेर कुणीच नव्हतं. नुसता दगड.

जेवताना बुबूंकडे मला बघवेना.

२४ जून

शाळेचं दार वाजलं. उघडलं तर धुकं. एक मुलगी म्हणाली, बाहेरची काकी बाळासाठी गरम पाणी मागतेय. कुठली काकी? तिनं बोट दाखवलं. बोट निळं पडलं होतं.

२५ जून

बुबू गेले.

दुपारी स्वतःच अडसर काढला. "आलो रे मित्रा," म्हणाले आणि धुक्यात शिरले. गोरी नदीच्या काठी सापडले, लख्ख उन्हात, लाकडासारखे गोठलेले. पापण्यांवर बर्फ. मी हातानं पुसला. वितळेना.

२६ जून

बाकीची घरं खाली गेली. आमा हलायला तयार नाही. तिला एकटीला टाकून मी कशी—

२७ जून

धुकं उंबऱ्याला टेकलंय. आमा पाण्याला गेली. नको म्हटलं होतं मी.

घंटा थांबल्या. आपल्याच दाराशी.

दार वाजतंय. आमाचा आवाज — "मास्तरणी, उघड गं, हात गोठले." आमाच असेल. पण तिच्या मागे तान्हं रडतंय—

एक हात अडसरावर आहे. उचलवत नाही.

"मीच आहे गं."

बोलत नाही. देवा, मी काहीच बोलत—

थांबला. तिचा आवाज थांबला.

फटीतून दिसतेय. आमाच होती. खरंच आमा. डोक्यावर घागर तशीच, हात दाराकडे, आणि ती हलत ना—